चालू ट्रॅक्टरचा फोटो

मेलेली माणसं सूर्यफूल पेरतात, हे सरकारच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. तेलबिया पेरणाऱ्याला दर हंगामाला अनुदान मिळायचं आणि त्याला अट एकच होती, जो स्वतः जमीन कसतो त्यालाच. पण नोंदलेल्या कसणाऱ्यांपैकी कुणी शहरात दुकान थाटून बसलेलं, कुणी परदेशात लेकीकडे नातवंडं सांभाळत असलेलं, आणि काही तर सरळ मातीआड झालेले. शेवटी वरून हुकूम सुटला. प्रत्येक कर्त्या शेतकऱ्याला त्याच्याच रानात जाऊन डोळ्यांनी बघायचं, मगच पुढचा हप्ता सोडायचा.

हुकूम वाजवी होता. वहिनीलाही तो वाजवीच वाटला असता, जर तिच्या नवऱ्याची उजवी बाजू वर्षापूर्वी गेली नसती.

तिच्या नवऱ्याला सगळं गाव दादा म्हणायचं आणि त्यामुळे ती आपोआप सगळ्यांची वहिनी. दादा म्हणजे वळूसारखा माणूस. कधी डोकं दुखलं तरी त्याचं त्यालाच नवल वाटायचं. एका दुपारी रानात पाणी पिताना हातातली बाटली सुटली आणि तो हसत म्हणाला, "अगं, हात झोपला बघ माझा." तो हात काही पुन्हा उठला नाही. पायही त्याच्याबरोबर गेला. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आला तेव्हा काठी टेकत, पाय फरफटत चालायला लागला होता, बोलणं थोडं जड झालं होतं. पण डोकं शाबूत, आणि राग तर पूर्वीपेक्षा दुप्पट.

रान वाट बघत नाही. पेरणी तोंडावर आली तशी वहिनी एका सकाळी ट्रॅक्टरवर चढून बसली. तोवर तिनं ट्रॅक्टर फक्त धुतला होता. दादा बांधावर खुर्ची टाकून बसला आणि तिथून ओरडत राहिला. "क्लच सोड! हळू गं बाई, हळू! माती आहे ती, लोणी नाही!" पहिल्या दिवशी तिनं शेडचा खांब वाकवला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं कुंपण पाडलं. पण महिनाभरात ती पेरणी यंत्र लावून सरळ ओळी काढायला लागली, आणि वरच्या तुकड्यातलं सूर्यफूल तिच्या हातानं उगवलं, वाढलं, विकलंही गेलं. अनुदानाचा हप्ता मात्र दादाच्या नावावर जमा झाला, कारण कर्ता शेतकरी म्हणून नोंद त्याचीच होती.

"नोंद बदलून घेऊ या ना," तिनं तेव्हाच म्हटलं होतं. "ऑफिसात अर्ज करायचा. तुम्ही सही करायची, की झालं."

दादा ताटावरून उठला होता. "म्हणजे मला आत्ताच पुसून टाकता होय? हात गेला, पाय गेला, आता नावही घ्या."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. नवऱ्याला आंघोळ घालणाऱ्या, त्याच्या शर्टाची बटणं लावणाऱ्या बाईला त्याचं दुखतं कुठं ते बरोबर कळतं. आणि आता तपासणीची तारीख आली होती.

दादाचा धाकटा भाऊ बाजारगावात मोटारीचे सुटे भाग विकायचा. जमिनीत त्याचाही वाटा होता आणि कसण्याचे कष्ट सोडून बाकी सगळ्याची त्याला काळजी होती. तो आदल्या संध्याकाळी आला तो बेत ठरवूनच.

"दादाला ट्रॅक्टरवर बसवायचं," तो म्हणाला. "ती बाई येणार, बघणार, दोन प्रश्न विचारणार, फोटो काढणार, चालली. दिवसाला पंधरा-वीस रानं असतात तिला. कुणाला वेळ आहे पाय बघायला?"

"आणि खाली उतरा म्हणाली तर?" वहिनीनं विचारलं.

"कशाला म्हणेल? वहिनी, तुम्ही उगाच विषाची परीक्षा घेऊ नका. खरं सांगाल तर हा हप्ता जाईल, मागचाही परत मागतील. वर फसवणूक म्हणून नाव काळ्या यादीत. मग बियाणं कशानं आणणार?"

तिनं दादाकडे पाहिलं. तिला वाटलं, तो म्हणेल, नको हा खेळ. पण दादाचे डोळे चमकत होते. वर्षभरात त्याला कुणी ट्रॅक्टरवर बस म्हटलं नव्हतं.

"बसतो मी," तो म्हणाला. "सोंगच आणायचं ना? दाढी करून दे मला सकाळी."

सकाळी दाढी झाली, इस्त्रीचा शर्ट घातला. मग त्याला वर चढवताना दोघांच्या नाकी नऊ आले. धाकटा खालून ढकलत होता, वहिनी वरून काखेत हात घालून ओढत होती, आणि दादा मधल्यामध्ये लटकत शिव्या देत होता. कसाबसा तो सीटवर टेकला. धाकट्यानं त्याचा उजवा पाय उचलून ब्रेकच्या पेडलाशेजारी नीट मांडून ठेवला, दुकानात माल मांडावा तसा. उजवा हात मांडीवर. डावा हात स्टिअरिंगवर.

"एकदम झकास," धाकटा चार पावलं मागे जाऊन म्हणाला. "निवडणुकीला उभा राहिलास तर पोस्टरवर हाच फोटो टाकू."

दादा हसला. वहिनी मात्र पुढच्या उताराकडे बघत होती. ट्रॅक्टर शेडसमोर, खालच्या तुकड्याच्या तोंडाशी उभा होता. हा तुकडा अजून पेरायचा होता, नांगरून मोकळा पडलेला. मागे कल्टिव्हेटर जोडलेला, त्याचे फण वर उचललेले. शेडपासून रान हलक्या उतारानं खाली जात होतं आणि टोकाला बांध, बांधापलीकडे सिमेंटची पाण्याची चारी. चारी माणूसभर खोल होती.

"किल्ली काढून घ्या, भावजी," ती म्हणाली.

"राहू द्या हो. किल्ली नसलेल्या ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी म्हणजे काय, नाटकातला राजा? संशय येईल."

तेवढ्यात पांढरी गाडी रस्त्यावरून आत वळली.

तपासणीला आलेली अधिकारी तिशीचीही नव्हती. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तिनं पाणी नको म्हटलं, खुर्ची नको म्हटलं. गाडीच्या चालकाला तिथंच थांबायला सांगून ती थेट वरच्या तुकड्यात शिरली, या हंगामाच्या गुडघ्याएवढ्या सूर्यफुलातून चालत गेली, मध्येच वाकून दोन झाडांमधलं अंतर बघितलं, खोड चिमटीत धरून पाहिलं. धाकटा तिच्यामागे गोड बोलत फिरत होता. ती त्याला हं किंवा बरं एवढंच म्हणत होती. वहिनी ट्रॅक्टरपाशी उभी होती.

मग बाई ट्रॅक्टरपाशी आली.

"नमस्कार काका. कर्ते शेतकरी तुम्हीच?"

"मीच," दादा म्हणाला. आवाज थोडा जड आला, पण खणखणीत.

"बी किती खोल टाकलंय वर?"

"दोन बोटं. ओल खाली गेली होती म्हणून अर्धं बोट जास्त."

"विरळणी केली?"

"केली. चार पानांवर असताना. आता खालच्या तुकड्यात पाळी घालून ढेकळं फोडतोय, आठवड्यात पेरणी."

बाईनं मान डोलावली. तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. "फार थोड्यांना एवढं सांगता येतं, काका. काल एकानं मला सांगितलं की सूर्यफूल जमिनीखाली लागतं."

सगळे हसले. वहिनीही हसली. बाईनं टॅब वर धरला. झालं, आता फोटो, आणि संपलं.

"काका, एक फेरी मारा ना," बाई म्हणाली.

धाकट्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण रंग गेला. "फेरी? कशाला मॅडम? असाच छान येतोय की फोटो."

"चालू ट्रॅक्टरचा लागतो. नवीन सूचना आहे. लोक भाड्यानं माणसं आणून बसवतात हो वर."

"डिझेल संपलंय," धाकटा म्हणाला.

बाईनं वाकून डिझेलच्या काट्याकडे पाहिलं. टाकी अर्धी होती.

"मॅडम, ऐका ना," वहिनी पुढे झाली. तिला बोलायचं होतं, आणि कुठून सुरुवात करावी ते सुचेना. "यांची तब्येत..."

"माझ्या तब्येतीला काय झालंय?" दादा वरून म्हणाला. आणि त्यानं डाव्या हातानं किल्ली फिरवली.

इंजिन धडधडलं. वहिनीनं वर पाहिलं. दादाच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्याला अनुदान आठवत नव्हतं, बाई आठवत नव्हती. त्याला फक्त बुडाखालची ती थरथर जाणवत होती. डावा पाय क्लचवर, डाव्या हातानं गिअर. सगळं जिथल्या तिथं. ट्रॅक्टर हलला आणि मोकळ्या रानात उतरला.

"छान! समोरून घेते," बाई म्हणाली आणि भराभरा बांधाच्या कडेनं पुढे गेली. टोकाला जाऊन ती बांधावर चढली, चारीकडे पाठ करून उभी राहिली, आणि टॅब डोळ्यांसमोर धरला.

पहिली काही पावलं ट्रॅक्टर गाईसारखा चालला. हलक्या गिअरमध्ये तो आपला आपण उतरत होता. वहिनी त्याच्या डाव्या बाजूनं, ढेकळांत ठेचकाळत चालत होती. तिच्या मनात एकच चाललं होतं. थांबवायला ब्रेक लागतो. ब्रेक उजव्या पायाला आहे.

दादालाही बहुधा तेव्हाच ते आठवलं. त्यानं खाली आपल्या पायाकडे पाहिलं. पाय जागचा हलेना. त्यानं मांडी उचलायचा प्रयत्न केला, खांदा वाकवला, तोंड वाकडं केलं. पाय घसरून पेडलाच्या खाली गेला. मग त्यानं जे जमत होतं तेच केलं, डाव्या पायानं क्लच पूर्ण दाबला.

तिथंच घात झाला. क्लच दाबल्याबरोबर इंजिनानं चाकं मोकळी सोडली. आणि मोकळी चाकं उतारावर दुसरं काय करणार? ट्रॅक्टर पळायला लागला.

"क्लच सोडा!" वहिनी ओरडली. "अहो, सोडा तो पाय!"

इंजिनाच्या आवाजात दादाला काही ऐकू गेलं नाही. त्याचा जीव त्या एका पायात गोळा झाला होता, आणि भ्यालेला माणूस पाय सोडत नाही, आणखी दाबतो. बांधावरची बाई अजून टॅबमध्येच बघत होती. काचेवर तिला हसतमुख शेतकरी दिसत असावा.

"बाजूला व्हा! मॅडम!"

वहिनी धावली. साडीचा काठ पायात आला तो तिनं ओढून कमरेला खोचला. चाकाच्या इतक्या जवळून धावणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. एवढं मोठं चाक माणसाला ओळखत नाही. ती पुढे गेली, पायरीचा अंदाज घेतला आणि उडी मारली. एक पाय पायरीवर पडला, दुसरा हवेत. हाताला चाकावरच्या पत्र्याची कड लागली ती तिनं घट्ट धरली. नडगी लोखंडावर आपटली, ते तिला मागाहून कळलं.

ब्रेकपर्यंत पोचायचं म्हणजे दादाच्या पायांत डोकं घालायला हवं होतं. तेवढा वेळ नव्हता. तिनं दादाच्या छातीवर आडवं पडून उजवा हात सीटपलीकडे लांबवला. तिथं ती दांडी होती, फण वरखाली करायची. बोटं पोचली. तिनं सगळ्या अंगाचा भार टाकून दांडी खाली ढकलली.

मागे धाडकन आवाज झाला. फण खाली आले, मऊ मातीत खोल घुसले, आणि ट्रॅक्टरला कुणीतरी शेपटीला धरून ओढावं तसा हिसका बसला. पुढची चाकं बांधाला भिडली, थोडी वर चढली, आणि थांबली. दादाचा पाय क्लचवरून सुटला, इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं.

मग एकदम इतकं शांत झालं की चारीतल्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

बाई कुठं दिसेना. वहिनी खाली उडी टाकून लंगडत बांधावर चढली. बाई बाजूला फेकल्यासारखी पडली होती, एक पाय चारीच्या तोंडावर लोंबकळत, एक बूट गायब. टॅब पाण्यात गेला होता. वहिनीनं तिचं मनगट धरून वर ओढलं. दोघी बांधावर बसल्या. बाईचे ओठ पांढरे पडले होते, आणि वहिनीच्या लक्षात आलं की ही तर पोर आहे अजून, हिची आई कुठंतरी जेवायला हिची वाट बघत असेल.

धाकटा धापा टाकत पोचला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "ब्रेक फेल! ब्रेक फेल झाले मॅडम! मी दादाला कालच म्हणत होतो, ब्रेक दाखवून घे. मशीन आहे, काय भरवसा? तुम्ही लिहा तसं, यांत्रिक बिघाड."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनीनं तोंड उघडलं. खोटं जिभेवर तयार होतं, सोपं, धाकट्यानं ताटात वाढून दिलेलं. हप्ता वाचला असता. दादाचं नाव वाचलं असतं.

"ब्रेकला काही झालेलं नाही," वरून आवाज आला.

दादा सीटवर तसाच वाकडा बसला होता. इस्त्रीच्या शर्टाची दोन बटणं तुटली होती आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते तो पुसत नव्हता.

"ब्रेक चांगला आहे. पाय नाहीये मला. हातही नाही. वर्ष झालं." तो थांबला, जड जिभेनं शब्द गोळा केले. "ते सूर्यफूल हिनं पेरलंय. सगळं हिचंच आहे. मी नुसता बसलोय वर. मारलं असतं मी तुम्हाला."

"दादा, अरे..." धाकटा म्हणाला.

"तू गप."

बाई उठली, एका पायात बूट आणि एक पाय चिखलात, आणि तिचा राग आता कुठं वर आला.

"तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. "तुम्हाला कळतंय का? मी आत्ता खाली असते त्या पाण्यात. एक शब्द बोलायचा होता, काका. एक शब्द. नियमात सोय आहे. घरातलं दुसरं कुणी कसत असेल तर नोंद बदलता येते. त्यासाठी कुणाचा जीव घ्यायची गरज नव्हती."

"चुकलं आमचं," वहिनी म्हणाली.

"मी काही मेहेरबानी करणार नाही. घडलं तसं लिहीन."

"लिहा."

बाईनं डोळे पुसले, रानाकडे पाहिलं. "चालवून दाखवा तुम्ही."

वहिनीला वाटलं, आत्ता? या पायानं? पण ती चढली. दादाला शेजारी पत्र्यावर सरकवून सीटवर बसली. किल्ली दोनदा हातातून निसटली. फण उचलले, ट्रॅक्टर मागे घेतला, वळवला, फण टाकले आणि शेडपर्यंत एक पाळी घातली. नेहमीसारखी सरळ आली नाही. बाई मागोमाग अनवाणी पाय टाकत ढेकळांतून चालत आली, आणि चालकाच्या फोनवरून तिनं एक फोटो काढला.

तिनं घडलं तसं लिहिलं. त्या हंगामाचा हप्ता गेला. मागचा परत मागितला नाही, कारण ते पीक खरोखर विकल्याच्या पावत्या होत्या आणि आताचं उभं पीक बाईनं स्वतः चालून पाहिलं होतं. ऑफिसात तीन फेऱ्या झाल्या, टॅबची भरपाई द्यावी लागली. बियाण्यासाठी वहिनीनं दावणीच्या दोन म्हशींपैकी एक विकली आणि दुसरी चार दिवस हंबरत राहिली. धाकट्यानं भांडून वर्षभर येणंजाणं बंद केलं. खरं सांगायचं तर घरात त्याची उणीव फारशी कुणाला भासली नाही.

दादानं अर्जावर डाव्या हातानं सही केली. ऑफिसातल्या कारकुनासमोर. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि आठवडाभर कामापुरतंच बोलला. वहिनीनं त्याला पडू दिलं. तिला त्याचं वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, आणि दोन्ही बाजूला ठेवून तिला पेरणी उरकायची होती.

पेरणीच्या दिवशी ती यंत्रात बी भरत होती तेव्हा काठीचा आवाज आला. दादा पाय फरफटत शेडपर्यंत आला होता.

"मला घे वर," तो म्हणाला. "पत्र्यावर बसतो. हात लावणार नाही कशाला."

दोघांनीच ते जमवलं, धाकट्याशिवाय. आणि आश्चर्य म्हणजे या वेळी सोपं गेलं. ती निघाली. पहिल्या ओळीत तो गप्प होता. दुसऱ्या ओळीत त्यानं मागे वळून पाहिलं. तिसऱ्या ओळीत त्याच्यानं राहवेना.

"बी खोल जातंय."

"जाऊ दे."

"अगं, दोन बोटं म्हणजे दोन बोटं. हे अडीच होतंय."

"ओल खाली आहे. वर टाकलं तर पाखरं खातील."

"मी तीस वर्षं पेरलंय."

"सूर्यफूल वरच्याच तुकड्यात पेरलंत. हा तुकडा वेगळा आहे, इथं वाळू आहे. उतरून बघा हवं तर."

दादा गुरगुरला. उतरणं शक्य नाही हे दोघांना ठाऊक होतं. टोकाशी येताच तिनं ब्रेक दाबला, फण उचलले, ट्रॅक्टर वळवला.

"वाळू आहे म्हणे," तो पुटपुटला. आणि थोड्या वेळानं, बऱ्याच मोठ्यानं, "मग जरा हळू तरी चालव. बी उडतंय मागे."

त्याचं ते म्हणणं मात्र बरोबर होतं. तिनं वेग कमी केला.